'वॉटर' नाउन की व्हर्ब? इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखायची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी कोल्हापुरात आठवीत, सेमी-इंग्लिशला. नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण वाक्यातला एखादा शब्द अधोरेखित करून त्याची जात विचारली की गाडी अडते. 'वॉटर' म्हणजे नाउन असं पाठ केलंय, मग 'वॉटर द प्लँट्स' यात तोच शब्द व्हर्ब कसा, हे तिला पटत नाही. नाउन ओळखायचा कसा?

व्याख्येवरून ओळखायचा नाही. व्यक्ती, स्थळ, वस्तू यांचं नाव ते नाउन आणि क्रिया दाखवतो तो व्हर्ब, ही व्याख्या तोंडओळखीपुरती ठीक आहे; पेपरात ती दगा देते. 'रेसलिंग इज पॉप्युलर इन कोल्हापूर' हे वाक्य घ्या. खासबागेत चालते ती कुस्ती, म्हणजे क्रियाच की! तरी या वाक्यात 'रेसलिंग' नाउन आहे. 'दे आर रेसलिंग' यात तो व्हर्बचा भाग आहे. 'अ रेसलिंग मॅच' यात तो मॅच कसली हे सांगायला पुढे येऊन बसलाय. शब्द एक, अर्थही जवळपास एकच, कामं तीन. इंग्रजीत शब्दाची जात जन्मानं ठरत नाही, कामावरून ठरते. शाहू महाराजांच्या गावात हे समजायला जड जाऊ नये.

तरीही जड जातं, कारण मराठीत शब्दाचं काम त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. 'म्हशीनं रेडकाला चाटलं' आणि 'रेडकाला म्हशीनं चाटलं', कसंही म्हणा, चाटणारी म्हैसच. 'नं' आणि 'ला' हे प्रत्यय काम सांगतात, जागा बदलली तरी बिघडत नाही. इंग्रजीत 'द बफेलो लिक्ड द काफ' उलटं करून 'द काफ लिक्ड द बफेलो' केलं की चाटणारं रेडकू झालं. इंग्रजीनं जवळजवळ सगळे प्रत्यय टाकून दिलेत आणि त्यांचं काम जागेवर सोपवलंय. म्हणून मराठी मूल शब्दाकडे बघतं, तिथं त्यानं शब्दाच्या शेजाऱ्यांकडे बघायला हवं. शाळेत दोन्ही व्याकरणांत आठ-आठ जाती शिकवतात आणि नावं जोडीनं पाठ करून घेतात: नाम म्हणजे नाउन, शब्दयोगी अव्यय म्हणजे प्रिपोझिशन. मराठीतल्या आठ जातींची मांडणी मुळात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झाली, म्हणून नावं इतकी चपखल जुळतात. संस्कृतचा प्राचीन अभ्यासक यास्क यानं चारच सांगितल्या होत्या: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात. नावं जुळली तरी ओळखायची पद्धत मात्र दोन्ही भाषांची वेगळी आहे.

आता नाउनच्या कसोट्या. शब्दाआधी 'द' लावून वाक्य टिकतं का बघा. त्याला अनेकवचनाचा 'एस' लागतो का बघा. त्याच्याआधी 'माय' किंवा 'हिज' बसतं का, आणि 'इन', 'ऑन', 'ऑफ', 'विथ' यांच्यानंतर तो येतो का, तेही बघा. सगळ्या कसोट्या लागू व्हायला हव्यात असं नाही, एक-दोन लागल्या तरी पुरे. 'द वॉटर इज कोल्ड' यात 'द' आधीच बसलाय, काम झालं. 'वॉटर द प्लँट्स' यात मात्र 'वॉटर'च्या आधी 'द' घालून बघा, वाक्य कोसळतं. मग व्हर्बची कसोटी लावा: वाक्याला 'येस्टर्डे' जोडा आणि कोणता शब्द रूप बदलतो ते बघा. 'शी वॉटर्ड द प्लँट्स येस्टर्डे'. 'ईडी' ज्याला चिकटला तो व्हर्ब. मुलीला हे एकदा हातानं करून दाखवलं की 'वॉटर'चं भांडण मिटतं.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात निम्मा वर्ग पडतो. नाउनला 'एस' लागला की अनेकवचन, पण व्हर्बला 'एस' लागला की कर्ता एकवचनी. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. 'एस' दिसला म्हणून नाउन असं ठोकून दिलं की 'शी वॉटर्स द प्लँट्स' यात चूक होणारच. आणि 'ही स्कोअर्ड फॉर्टी रन्स' यात 'रन्स' नाउन आहे, कारण त्याच्याआधी 'फॉर्टी' आहे. आकडा व्हर्बच्या गळ्यात कधी पडत नाही.

शेपटावरूनही अंदाज येतो. 'एबिलिटी', 'काइंडनेस', 'पेमेंट', 'फ्रेंडशिप', 'चाइल्डहुड' यांची शेपटं बहुतेक वेळा नाउनचीच. पण अंदाज तो अंदाज. 'क्वेश्चन' दिसायला नाउन, तरी 'द पोलीस क्वेश्चन्ड हिम' यात व्हर्ब आहे. काही जोड्यांत उच्चार मदत करतो: 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'परमिट' हे नाउन असतील तर जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), व्हर्ब असतील तर दुसऱ्यावर. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' यांत तर स्पेलिंगही बदलतं, 'सी' असलेला नाउन आणि 'एस' असलेला व्हर्ब. 'ही ॲडव्हाइस्ड मी' असा उच्चार सर्रास ऐकू येतो. तिथं 'झ'च्या जवळचा आवाज हवा.

नाउनच्या प्रकारांत कॉमन, प्रॉपर, कलेक्टिव्ह, ॲबस्ट्रॅक्ट ही यादी पाठ करण्यात फार वेळ जातो आणि उपयोग थोडा होतो. ज्यामुळे वाक्य खरोखर चुकतं तो भेद म्हणजे काउंटेबल आणि अनकाउंटेबल. सगळा वेळ तिथं द्यावा.

अडचण अशी की मराठी जे मोजते ते सगळं इंग्रजी मोजत नाही. आपण दोन बातम्या ऐकतो, चार सल्ले देतो. इंग्रजीत 'न्यूज' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही अनकाउंटेबल. 'ॲन ॲडव्हाइस' नाही आणि 'ॲडव्हाइसेस'ही नाही. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असूनही 'द न्यूज इज गुड'. याच घरातले आणखी शब्द: 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'होमवर्क', 'इक्विपमेंट', 'सीनरी', 'ट्रॅफिक'. 'फर्निचर्स' अशी दुकानाची पाटी दिसली तरी वहीत तसं लिहू नये. यांची मोजदाद करायची तर पुढे माप लावावं लागतं: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ फर्निचर', 'थ्री बॅग्स ऑफ राइस'. ही युक्ती आपल्याला परकी नाही. गुऱ्हाळात 'दोन गूळ' कुणी म्हणत नाही, दोन रवे म्हणतात. इंग्रजीत त्याचं 'टू ब्लॉक्स ऑफ जॅगरी' होतं. फक्त इंग्रजीत अशा शब्दांची यादी आपल्यापेक्षा लांब आहे.

दुसरी फसगत वचनाची. मराठीत केस गळतात, पैसे संपतात, तांदूळ धुतले जातात, पोहे होतात, सगळं अनेकवचनी. म्हणून मुलं 'माय हेअर्स आर फॉलिंग' लिहितात. हवं असतं 'माय हेअर इज फॉलिंग आउट'. तसंच 'द मनी इज ऑन द टेबल' आणि 'द राइस इज रेडी'. उलट बाजूला कात्री, चष्मा, पॅन्ट आपल्याकडे एकवचनी आणि इंग्रजीत पक्के अनेकवचनी: 'द सिझर्स आर शार्प'. एक कात्री म्हणायची तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'. 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना 'एस' नाही, तरी 'आर'च लागतो. 'मॅथेमॅटिक्स'ला 'एस' आहे, तरी 'इज'.

आणि काउंटेबल-अनकाउंटेबल हाही शब्दाचा जन्मजात गुण नाही. 'टी' अनकाउंटेबल, पण टेबलावर बसून 'टू टीज, प्लीज' म्हटलं तर ते चालतं, कारण आता चहा मोजत नसून कप मोजताय. 'टू मिसळ्स' त्याच हिशोबानं बरोबर. 'हेअर' अनकाउंटेबल, पण आमटीत एक केस सापडला तर 'देअर इज अ हेअर इन माय दाल'. 'पेपर' म्हणजे कागद अनकाउंटेबल; वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका म्हणून 'अ पेपर' काउंटेबल. 'वर्क' अनकाउंटेबल, 'जॉब' काउंटेबल. 'आय हॅव अ वर्क इन राजारामपुरी' ही आपल्याकडची ठरलेली चूक आहे. त्यातला 'अ' काढून 'सम' घाला.

प्रॉपर नाउनला मोठं अक्षर हे सगळ्यांना माहीत असतं. 'द' कुठं लावायचा तिथं घोळ होतो. आपल्या गावावरच बसवून घेतलं की विसरत नाही. गावाच्या नावाला 'द' नाही: 'कोल्हापूर'. नदीला हवा: 'द पंचगंगा'. तळ्याला नको: 'रंकाळा लेक'. पर्वतरांगेला हवा: 'द सह्याद्रीज'. एका किल्ल्याला नको: 'पन्हाळा फोर्ट'. रस्त्याला नको: 'महाद्वार रोड', पण 'द पुणे-बेंगळुरू हायवे'ला हवा. 'शिवाजी युनिव्हर्सिटी'ला नको, 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई'ला हवा. या शेवटच्या जोडीत बरंच काही कळतं: नावाच्या पोटात 'ऑफ' आला की बहुतेक वेळा नावाच्या आधी 'द' येतो.

'अ' आणि 'ॲन' स्पेलिंग बघून लावू नये, कानानं लावावं. 'अ केएमटी बस' (केएमटी म्हणजे कोल्हापूरची शहर बससेवा), पण 'ॲन एसटी बस', कारण 'एस' या अक्षराचा उच्चार 'ए'नं सुरू होतो. त्याच न्यायानं 'ॲन एमएच-०९ कार', 'ॲन एमएलए', 'ॲन अवर'. आणि 'युनिव्हर्सिटी' स्पेलिंगला स्वरानं सुरू होत असली तरी उच्चार 'य'चा, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'.

नाउनच्या पुढे नाउन ही गोष्ट शाळेत घाईत उरकली जाते, आणि अधोरेखित शब्दांचे प्रश्न बऱ्याचदा तिथंच फसवतात. 'शुगर फॅक्टरी' यात 'शुगर' काय? तो फॅक्टरी कसली ते सांगतो, म्हणजे काम ॲडजेक्टिव्हचं. पण त्याच्याआधी 'व्हेरी' लावून बघा: 'अ व्हेरी शुगर फॅक्टरी' होत नाही. 'अ व्हेरी बिग फॅक्टरी' होतं. म्हणून 'बिग' खरा ॲडजेक्टिव्ह आणि 'शुगर' हा ॲडजेक्टिव्हचं काम करणारा नाउन. काही पुस्तकं त्याला सरळ ॲडजेक्टिव्ह म्हणतात. परीक्षेत वर्गातल्या पुस्तकाप्रमाणे लिहावं, वाद घालू नये. अशा जोडीत मुख्य शब्द शेवटचा असतो. 'मिल्क चॉकलेट' हे चॉकलेट, 'चॉकलेट मिल्क' हे दूध. पहिला नाउन सहसा एकवचनीच राहतो: दुकानात शंभर चपला असल्या तरी 'शू शॉप', नोट दहा रुपयांची असली तरी 'अ टेन-रुपी नोट', पेपर तीन तासांचा तरी 'अ थ्री-अवर पेपर'.

आपल्या चपलेचंच नाव बघा. 'कोल्हापूर' प्रॉपर नाउन. 'कोल्हापुरी चप्पल्स' यात 'कोल्हापुरी' ॲडजेक्टिव्ह, आणि प्रॉपर नाउनपासून बनल्यामुळे त्यालाही मोठं अक्षर. 'शी बॉट अ पेअर ऑफ कोल्हापुरीज' यात तोच शब्द अनेकवचनाचा 'एस' घेऊन पुन्हा नाउन झाला. मुलीला ही तीन वाक्यं लिहायला लावा आणि प्रत्येकात कोणती कसोटी लागली ते विचारा.

प्रोनाउनला फार वेळ नको. एकच गोष्ट पक्की करा: 'माय', 'युअर', 'देअर' यांच्यानंतर नाउन लागतो, 'माइन', 'युअर्स', 'देअर्स' एकटे उभे राहतात. मराठीत दोन्हीकडे 'माझं'च, म्हणून 'धिस इज माइन बुक' येतं. आणि इंग्रजीत नाउनला आपल्यासारखं लिंग नसल्यानं बस, खुर्ची, पिशवी या सगळ्यांना 'इट'. 'ती बस आली' डोक्यात असल्यामुळे 'शी' लिहिणारी मुलं कमी नाहीत.

ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब यांत मराठीची सवय आड येते. 'छान मुलगा' आणि 'छान गातो', आपल्याला दोन्हीकडे 'छान' चालतो. इंग्रजीत 'अ गुड बॉय', पण 'ही सिंग्ज वेल'. 'एलवाय' दिसला की ॲडव्हर्ब हा नियम अर्धवट आहे: 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली', 'कॉवर्डली' हे ॲडजेक्टिव्ह आहेत. 'फास्ट', 'हार्ड', 'लेट' हे 'एलवाय' न लावताच ॲडव्हर्ब होतात, आणि 'हार्डली' म्हणजे 'क्वचितच', 'जेमतेम'. 'ही वर्क्स हार्डली' लिहिलं तर कष्टाळू माणूस कामचुकार ठरतो. शिवाय 'स्मेल', 'टेस्ट', 'फील', 'लुक' यांच्यानंतर ॲडजेक्टिव्ह येतो, कारण तो कर्त्याचं वर्णन करतो: 'द मँगो स्मेल्स स्वीट', 'स्वीटली' नव्हे.

प्रिपोझिशन, ॲडव्हर्ब आणि कंजंक्शन यांची ओळख तर पूर्णपणे मागून काय येतं यावरच. 'बिफोर' घ्या. 'बिफोर लंच', मागे नाउन, म्हणून प्रिपोझिशन. 'बिफोर ही केम', मागे कर्ता आणि व्हर्बसह आख्खं वाक्य, म्हणून कंजंक्शन. 'आय हॅव सीन इट बिफोर', मागे काहीच नाही, म्हणून ॲडव्हर्ब. 'आफ्टर' आणि 'सिन्स' यांनाही हेच लागू. 'दॅट' मात्र चार रूपांत भेटतो: 'दॅट बॉय', 'दॅट इज माइन', 'ही सेड दॅट ही वॉज टायर्ड', 'इट इज नॉट दॅट बिग'. क्रमानं ॲडजेक्टिव्ह, प्रोनाउन, कंजंक्शन, ॲडव्हर्ब. पहिल्याला नव्या पुस्तकांत डिटरमायनर म्हणतात, आणि 'अ', 'ॲन', 'द' यांनाही त्यातच घालतात. कंजंक्शनमध्ये मराठीची 'जरी... तरी' ही जोडी नडते: 'दो ही वॉज इल, बट ही केम'. 'दो' किंवा 'बट', दोहोंपैकी एकच ठेवा.

वाक्य सोडवायचा क्रम ठरलेला असावा. हे वाक्य घ्या: 'द अर्ली मॉर्निंग केएमटी बस टू रंकाळा वॉज फुल, सो वुई वॉक्ड फास्ट.' डावीकडून एकेक शब्द सोडवत जाऊ नये. आधी व्हर्ब शोधा: वाक्य उद्यावर नेलं तर 'वॉज'चं 'विल बी' होतं आणि 'वॉक्ड'चं 'विल वॉक'. बदलणारे शब्द दोन ठिकाणी, म्हणजे वाक्यं दोन, म्हणजे त्यांना जोडणारा कंजंक्शन मध्ये असणार: 'सो'. मग प्रत्येक व्हर्बला 'कोण' विचारा. फुल कोण होती? 'बस'. तो मुख्य नाउन. कोण चालले? 'वुई', प्रोनाउन. आता 'द'पासून 'बस'पर्यंतचा तुकडा पेन्सिलनं कंसात घ्या. त्यातले 'मॉर्निंग' आणि 'केएमटी' हे बस कोणती ते सांगणारे नाउन. 'व्हेरी मॉर्निंग' होत नाही, हे तपासून बघा. 'अर्ली' ॲडजेक्टिव्ह, पण तो बसचा नाही, 'मॉर्निंग'चा. 'टू'च्या नंतर 'रंकाळा' हा नाउन, म्हणून 'टू' प्रिपोझिशन. 'फुल' हा 'वॉज'च्या पलीकडे बसून बसचंच वर्णन करतो, म्हणून ॲडजेक्टिव्ह. 'फास्ट' कसे चाललो ते सांगतो, म्हणून ॲडव्हर्ब.

सरावाला इंग्रजी वर्तमानपत्रातली रोज तीन वाक्यं पुरेत, पण मथळे घेऊ नका. मथळ्यात 'द' आणि 'इज' गाळलेले असतात आणि नाउनची रांग लावलेली असते, त्यामुळे सगळ्या कसोट्या निकामी होतात. बातमीच्या पोटातली वाक्यं घ्या. व्हर्बखाली लाल रेघ, प्रत्येक नाउनच्या तुकड्याला निळा कंस, उरलेल्या शब्दांना साधी पेन्सिल. पहिल्या आठवड्यात फक्त लाल आणि निळं करावं. नाउनचे कंस चुकू लागले तर बहुधा तुकडा 'ऑफ'जवळ अर्धवट तोडलेला असतो: 'द प्राइस ऑफ शुगरकेन' हा एकच कंस आहे, आणि त्यातला मुख्य नाउन 'प्राइस'. म्हणूनच 'द प्राइस ऑफ शुगरकेन अँड मिल्क हॅज गॉन अप' यात 'हॅज' येतो, शेजारी ऊस आणि दूध दोन्ही असले तरी.

इंग्रजी-मराठी खिशातल्या डिक्शनरीवर या कामात विसंबू नये, ती मुख्यतः अर्थ देते. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी फोनवर फुकट बघता येते. तिथं प्रत्येक शब्दापुढे जात लिहिलेली असते आणि नाउनच्या अर्थापुढे तो काउंटेबल की अनकाउंटेबल तेही असतं, कुठं पूर्ण शब्दात, तर कुठं 'सी' आणि 'यू' अशा खुणेनं. 'पेपर' शोधला तर कागद या अर्थापुढे अनकाउंटेबलची आणि वर्तमानपत्रापुढे काउंटेबलची खूण दिसेल. नवा नाउन वहीत उतरवताना मराठी अर्थाआधी ही खूण लिहावी.